विजयदुर्ग १७५६ : आंग्र्यांचं आरमार नेमकं कुठे हरलं?

नानासाहेब पेशव्यानं मराठ्यांचं आरमार इंग्रजांकडून जाळून घेतलं, हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही जलदुर्गावर, व्याख्यानमालेत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास ऐकू येतं. आरोप खोटा नाही. पण तो इतका गोळीबंद झालाय की पुढचे प्रश्न कुणी विचारतच नाही. ज्या आरमारानं इंग्रज, पोर्तुगीज आणि डच अशा तिघांना चाळीस वर्षं दाद दिली नाही, ते एका दुपारी कसं संपलं? किल्ला तोच होता, खाडी तीच होती, गुराबा आणि गलबतंही त्याच जातीची. मग बदललं काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आंग्र्यांचं आरमार १२ फेब्रुवारी १७५६ ला जळालं, पण हरलं होतं त्याआधीच, आणि ते पाण्यावर हरलं नव्हतं. पेशव्यावर ठेवायचाच असेल तर आरमार जाळल्याच्या दोषाहून मोठा एक दोष आहे. तो करारात आहे, आणि त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

सरखेली आणि दस्तक

मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांचे थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि भाऊबंदकी सुरू झाली. मानाजी कुलाब्याला बसले. संभाजी आंग्र्यांकडे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, राहिली. एका आरमाराची दोन आरमारं झाली, ती पुन्हा एक झालीच नाहीत. मानाजींच्या पाठीशी पेशवे होते, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवायला हवं. संभाजींच्या पश्चात दक्षिणेकडचा भाग त्यांचे भाऊ तुळाजी यांच्याकडे आला आणि शाहू महाराजांनी सरखेलीही त्यांनाच दिली. तुळाजींनी जंजिऱ्याच्या सिद्दीकडून अंजनवेल घेतलं. ही कामगिरी लहान नव्हती.

आंग्र्यांची कमाई दस्तकावर होती. त्यांच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजानं पैसे भरून परवाना घ्यायचा, नसेल तर जहाज धरायचं. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटलं आणि पुढे आपल्याही काही पुस्तकांत तो शब्द तसाच उतरला. खरं तर पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते आणि मुंबईचे इंग्रजही स्वतःचे परवाने विकत होते. भांडण नीतीचं नव्हतंच. या पाण्यावर जकात कुणी घ्यायची, एवढाच मुद्दा होता. जकात घेणारा तोच राजा, हे जमिनीवर जितकं खरं तितकंच समुद्रावर.

शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले आणि तुळाजींचं गणित बिघडलं. सरखेली छत्रपतींनी दिलेली, पेशव्यांनी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पेशव्याचा हुकूम ते मानेनात, पैसा देईनात, आणि प्रतिनिधी, बावड्याचे अमात्य, वाडीचे सावंत अशा सगळ्या शेजाऱ्यांशी त्यांचं वैर. मराठी कागदांत त्यांच्या जुलमाच्या तक्रारी पुष्कळ आहेत. त्यातल्या काही शत्रूंनी रंगवलेल्या असतील, पण सगळ्या असणार नाहीत. तुळाजींना निव्वळ हुतात्मा करणारं लेखन मला पटत नाही. एकाच वेळी सगळ्यांशी वैर धरायचं तर पाठीशी कुणीतरी लागतं, आणि त्यांच्या पाठीशी कुणी उरलं नव्हतं.

गुराब, गलबत आणि खाडी

हे आरमार लढायचं कसं, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

मोठी गुराब तीन डोलकाठ्यांची, सुमारे ३०० टनांची असे आणि दोन डोलकाठ्यांची तिच्या निम्मी. तळ उथळ, मधला भाग रुंद, आणि पुढे नाळेऐवजी लांब, निमुळतं, पाण्यावर झुकलेलं टोक. समोरून लाट आली की गुराब जोरात खाली-वर होई, म्हणून त्या टोकाला कठडाच ठेवत नसत. चढलेलं पाणी आपसूक वाहून जाई. त्यामागच्या आडव्या भिंतीत भोकं पाडून ९ ते १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा पुढे तोंड करून बसवलेल्या असत. दोन्ही बाजूंना त्याहून हलक्या तोफा. युरोपी जहाजाचा मारा कुशीतून, तर गुराबेचा सगळ्यात जड मारा तोंडातून. पाठलाग करता करता गोळा टाकता यावा म्हणून ही रचना.

गलबत त्याहून लहान, फार तर ७० टनांचं. भलंमोठं त्रिकोणी शीड, बहुतेकांवर चिरलेल्या बांबूचा हलका पाटा, त्यावर फिरत्या खुंटावरच्या छोट्या तोफा, आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की युरोपी जहाज पाण्यावर जागच्या जागी डुलत राही. गलबत तेव्हाही वल्ह्यांवर चाले, शिवाय दोर लावून गुराबेलाही ओढत नेई. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असा तांडा निघे. एकट्या व्यापारी जहाजाच्या कुशीसमोर जायचंच नाही, पिछाडीला चिकटून राहायचं, लांबून डोलकाठ्या आणि शिडं फाडायची आणि ते पांगळं झालं की चहूबाजूंनी गलबतं लावून तलवार घेऊन वर चढायचं. डाव अंगाशी येतोय असं वाटलं की वल्ही मारत उथळ पाण्यात शिरायचं. तिथे मागे येईल त्याचा तळ खडकाला लागणार.

१७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं ‘डर्बी’ हे खजिन्यानं भरलेलं जहाज याच पद्धतीनं धरलं. १७४९ मध्ये तुळाजींनी कंपनीचं ‘रेस्टोरेशन’ घेतलं. फेब्रुवारी १७५४ मध्ये तर त्यांनी तीन डच जहाजांवर हल्ला केला, दोन जाळली आणि तिसरं पकडलं. त्यातलं मोठं पन्नास तोफांचं होतं. तुळाजींची ताकद ओसरत आली होती असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख पाहावी. शेवटापूर्वी फक्त दोन वर्षं.

पण या पद्धतीची एक अट होती. पळून जायला खाडी हवी, खाडीच्या तोंडावर किल्ला हवा, आणि किल्ल्याच्या पाठीमागचा मुलूख आपला हवा. लाकूड तिथून येई, तांदूळ तिथून येई, खलाशी आणि गोलंदाजही तिथूनच. हे आरमार महिनोन्‌महिने समुद्रावर राहणारं नव्हतं. किनाऱ्याला त्याची नाळ जोडलेली होती.

आता १७२१ ची एक मोहीम बघा. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले होते. कमोडोर मॅथ्यूजची इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजंही सोबत होती, म्हणजे मोठी जहाजं त्या वेळीही होतीच. तरी मोहीम फसली. एक कारण भूगोलाचं. कुलाबा ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत गाठता येतो. अशा जागी मोठं जहाज तटाला भिडवायला खोल पाणीच नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शाहू महाराजांच्या हुकमानं बाजीराव फौज घेऊन कोकणात उतरले, पोर्तुगीजांनी त्यांच्याशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. कान्होजींचं आरमार त्या वेळी वाचलं ते घाटावरच्या घोडदळामुळे.

चौतीस वर्षांनी तीच घाटावरची फौज आंग्र्यांवर चालून आली.

करार

कोकणातल्या खुष्कीच्या मोहिमेची जबाबदारी पेशव्याचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यावर होती. गावं, खाड्यांचे काठ, टेकडीवरची ठाणी ते घेऊ शकत होते. अडचण होती ती जलदुर्गांची. सुवर्णदुर्ग बेटावर. जमिनीकडून वेढा घातला तरी समुद्राच्या बाजूनं रसद चालूच राहणार. पेशव्यांची वसईकडची जहाजं आणि मानाजींची गलबतं हाताशी होती, पण तुळाजींना समुद्रावर कोंडण्याइतकी त्यांची ताकद नव्हती.

म्हणून मार्च १७५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शिए आणि रामाजी महादेव यांच्यात तह झाला. कलमं थोडक्यात अशी. सगळं आरमार इंग्रजांच्या हुकमाखाली चालेल. तुळाजींच्या किल्ल्यांना समुद्रातून मदत पोचू द्यायची नाही, ही जबाबदारी इंग्रजांची. पकडलेली जहाजं दोघांनी वाटून घ्यायची. किल्ल्यांतला पैसा, तोफा आणि सामान पेशव्यांचं. मोबदल्यात सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट, तिथला हिंमतगड आणि काही गावं इंग्रजांना.

कागदावर सौदा वाईट दिसत नाही. एक लहान किल्ला आणि चार गावं देऊन चार मोठे किल्ले मिळणार, शिवाय सगळा दारूगोळा आपला. पुण्याच्या फडावर बसून पाहिलं तर फायद्याचाच व्यवहार. गोम पहिल्याच कलमात आहे. आरमार कुठे, केव्हा आणि किती वापरायचं हे इंग्रज ठरवणार, आणि त्यांनी शब्द फिरवला तर त्यांना समुद्रावर अडवू शकेल असं एकच आरमार किनाऱ्यावर होतं, तेच संपवण्यासाठी हा करार चाललेला. किल्ल्यातलं सामान पेशव्यांचं हे कलम लिहिलं खरं, पण पाण्याच्या बाजूनं किल्ल्यात आधी शिरणारा इंग्रजच असेल तर ते बजावायचं कुणी?

सुवर्णदुर्ग : मासला

कंपनीच्या मुंबई आरमाराचा प्रमुख विल्यम जेम्स २२ मार्चला निघाला. ४४ तोफांचं ‘प्रोटेक्टर’, १६ तोफांचं एक लहान जहाज आणि उखळी तोफा (गोळा उंच उडवून वरून टाकणाऱ्या) लादलेल्या दोन नौका, एवढाच त्याचा पसारा. हुकूम होता फक्त नाकेबंदीचा. हर्णैजवळ तुळाजींची जहाजं दिसली, त्यानं पाठलाग केला, ती दक्षिणेला निसटली. मग तो परत फिरला आणि हुकमाबाहेर जाऊन थेट किल्ल्यावर तोफा लावल्या.

पहिल्या दिवशी त्यानं समुद्राकडच्या बाजूनं मारा केला. त्या तटाचा पाया कातळातच कोरलेला, फारसं काही होईना. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एकाकडून ही गोष्ट कळली. दुसऱ्या दिवशी त्यानं जहाजं बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात घेतली. तिथून एका कुशीनं सुवर्णदुर्ग आणि दुसऱ्या कुशीनं किनाऱ्यावरचा गोवा किल्ला असे दोन्ही माऱ्यात आले. एक कुलपी गोळा, म्हणजे आत दारू भरलेला फुटणारा गोळा, गवती छपराच्या कोठारावर पडला, आग लागली आणि ती दारूच्या कोठारापर्यंत पोचली. दोन-तीन दिवसांत सुवर्णदुर्ग पडला. किल्ला जेम्सनं ठरल्याप्रमाणे मराठ्यांच्या हवाली केला. बाणकोट इंग्रजांना मिळालं आणि त्यांनी हिंमतगडाचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं.

मुंबईत त्या दिवसांत एक गोष्ट उमगली. जलदुर्गाची दहशत तटाच्या जाडीपेक्षा तोफा किती जवळून आणि कुठल्या बाजूनं लागतात यावर असते. आणि कुलपी गोळ्याला तट आडवा येतच नाही, तो वरून आत पडतो. गवती छप्परं, लाकडी माळे, दारूची पिंपं. आतलं सगळं ज्वालाग्राहीच.

पेशव्यांच्या बाजूनं यातून वेगळाच निष्कर्ष निघाला असावा. इंग्रज शब्द पाळतात, असा. रामाजी महादेवांनी जेम्सला दाभोळवर चालून जाण्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले. पावसाळा तोंडावर आला होता. मुंबईनं नाही म्हटलं आणि जहाजं परत नेली. आरमार दुसऱ्याचं असलं की हंगामही त्याच्याच सोयीचा.

रामाजी मात्र थांबले नाहीत. या भागाचं श्रेय आपल्या कथांमध्ये कुणी देत नाही. १७५५ चा पावसाळा आणि त्यानंतरचे महिने पेशव्यांच्या फौजा तुळाजींचा मुलूख एकेक करून घेत होत्या. जानेवारी १७५६ पर्यंत अंजनवेलही गेलं. खाड्या गेल्या, गावं गेली, लाकूड-तांदळाचा पुरवठा गेला. तुळाजींची सगळी जहाजं एकाच जागी येऊन थांबली, विजयदुर्गाच्या तटाखाली. पसरायला किनाराच उरला नव्हता. मी आरंभी म्हटलं ते हेच. हे आरमार घाट उतरून आलेल्या पायदळानं हरवलं. जाळायला मात्र दुसरेच आले.

वॉटसन मुंबईत कसा आला

हा भाग निव्वळ योगायोगाचा आहे. अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन तुळाजींसाठी हिंदुस्थानात आलाच नव्हता. त्याचा ताफा आला होता फ्रेंचांविरुद्ध, मद्रासच्या बाजूला. तिथे इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात तात्पुरता तह झाला. रॉबर्ट क्लाइव्हही विलायतेतून मुंबईला आला तो पेशव्यांच्या मदतीनं दख्खनमधल्या फ्रेंचांवर चालून जायच्या बेतासाठी. मद्रासच्या तहामुळे तो बेत बारगळला. अशा रीतीनं १७५५ च्या अखेरीस मुंबईत एक रिकामा ताफा आणि एक रिकामी फौज बसून होती.

ताफा मुंबईतच का राहू शकला, याला गोदीचंही कारण आहे. लाकडी जहाजाचा तळ उष्ण पाण्यात किडीनं पोखरला जातो, शेवाळ-शिंपल्यांनी जड होतो. तो साफ करायला जहाज कोरड्यात घ्यावं लागतं. १७५० च्या सुमारास मुंबईत पक्की सुकी गोदी झाली होती आणि सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया तिथल्या कामावर होते. विजयदुर्गाजवळ आंग्र्यांचीही कातळात कोरलेली गोदी होती, आजही पाहायला मिळते, आणि काम पाहून कौतुक वाटतं. पण ती आंग्र्यांच्या जहाजांच्या मापाची. हजार टनांवरच्या लढाऊ जहाजाची देखभाल करणारी यंत्रणा पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांकडे होती.

जेम्सला डिसेंबरमध्ये विजयदुर्गाची पाहणी करायला धाडलं. त्यानं येऊन सांगितलं की वर्णनं ऐकून वाटतो तितका किल्ला दुर्घट नाही आणि मोठी जहाजं तोफेच्या सरळ माऱ्यात जाऊ शकतात. विजयदुर्गाची अडचण त्याच्या थोरवीतच होती. वाघोटण खाडीच्या तोंडावरचं हे बंदर खोल आणि पावसाळ्यातही सुरक्षित. मोठ्या गुराबा ठेवता याव्यात म्हणून ते निवडलेलं. ज्या पाण्यात आपलं मोठं जहाज सुखानं राहतं, त्याच पाण्यात शत्रूचंही येतं. कुलाब्याला जे उथळ पाणी आडवं आलं, ते इथे नव्हतं.

जाता जाता एक. विजयदुर्गाला गेलं की पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट ऐकवतातच. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटत, म्हणे. पाणबुड्यांनी शंभर मीटरहून लांब दगडी रचना पाहिलेली आहे आणि ती किती मानवनिर्मित यावर चर्चा होऊ शकते. १७५६ मध्ये तिनं वॉटसनच्या एकाही जहाजाला अडवलं नाही, एवढं मात्र नक्की. जेम्सनं आधी खोली मोजून घेतली होती.

निघण्यापूर्वी मुंबईत आणखी एक बैठक झाली. लुटीची वाटणी कशी करायची, याची. अ‍ॅडमिरलला किती, दुय्यमाला किती, कप्तानांना किती, क्लाइव्हचा हिस्सा कप्तानाइतका की जास्त, यावर रुसवेफुगवे झाले. वॉटसननं क्लाइव्हची तूट आपल्या वाट्यातून भरून द्यायची तयारी दाखवली, क्लाइव्हनं ती घेतली नाही. या वाटणीत मराठ्यांचं नावच नव्हतं. तहात किल्ल्यातला सगळा माल पेशव्यांचा असताना! म्हणजे कराराचा भंग विजयदुर्गावर झाला नाही. तो मुंबईत टेबलावर बसून, आकडे मांडून, आधीच झाला होता.

दोन दिवस

वॉटसनचा ताफा ११ फेब्रुवारीला विजयदुर्गासमोर आला. त्याचं निशाणाचं जहाज ‘केंट’, त्याखेरीज ‘कंबरलँड’, ‘टायगर’ आणि ‘सॉल्सबरी’ ही पन्नास तोफांची किंवा त्याहून मोठी जहाजं, लहान लढाऊ जहाजं, कंपनीचं ‘प्रोटेक्टर’ आणि उखळी तोफांच्या नौका. जहाजांवर सुमारे ८०० गोरे शिपाई आणि हजार देशी शिपाई. ‘केंट’च्या खालच्या मजल्यावरच्या तोफा २४ पौंडी आणि त्याहून जड गोळे फेकणाऱ्या. गुराबेची सगळ्यात मोठी तोफ १२ पौंडी, हे पुन्हा आठवावं.

तुळाजी तेव्हा किल्ल्यात नव्हते. ते रामाजींच्या छावणीत बोलणी करायला गेले होते. किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन करून काही पदरात पडतं का, हे पाहत असावेत. मागे किल्ला त्यांच्या नातलगाच्या ताब्यात होता. म्हणजे लढाई न करता विजयदुर्ग पेशव्याच्या हाती येण्याची शक्यता खरोखरच होती. इंग्रजांना हे कळलं आणि त्यांची घाई वाढली. मराठ्यांना किल्ला आपणहून मिळाला तर लूट कसली? किल्लेदाराकडे जाब मागितला, उत्तराला टाळाटाळ झाली, मराठ्यांनी थांबा म्हणून सांगितलं. वॉटसन थांबला नाही.

१२ तारखेला दुपारी समुद्रावरून वारा सुटला आणि दोन रांगा आत शिरल्या. किल्ल्याजवळच्या रांगेत मोठी जहाजं, त्यांच्या आडोशाला बाहेरच्या रांगेत उखळी नौका आणि लहान जहाजं. किल्ल्याच्या उत्तर अंगाला वळसा घालून सगळी खाडीत आली आणि नांगर टाकून मारा सुरू केला.

तुळाजींचा तांडा तटाखाली एकमेकांना खेटून उभा होता. वल्ह्यांवर निसटायला मागे खाडी होती, पण खाडीच्या काठावर पेशव्यांची माणसं. ज्या गलबतांची सगळी कला मोकळ्या पाण्यात, हलतं राहण्यात, पिछाडी धरण्यात होती, ती बांधून ठेवलेली. इंग्रज नौकेवरून उडालेला एक कुलपी गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. तेच, कंपनीकडून सात वर्षांपूर्वी हिसकावलेलं. ते पेटलं, दोर जळाले, आग शेजारच्या गुराबेवर गेली, तिथून पुढच्या. सागवान, डांबर, सुती शिडं, काथ्याचे दोर. संध्याकाळपर्यंत सगळा तांडा पेटला होता. बांधणीवर असलेली मोठी जहाजंही सुटली नाहीत.

यात समुद्रावरची लढाई कुठेच झाली नाही. डच जहाजांना हरवणारी पद्धत एकदाही वापरता आली नाही.

रात्री क्लाइव्ह फौज घेऊन उतरला आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मधली जागा धरून बसला. तोफा किल्ल्याकडे असल्या तरी पाठ कुणाकडे आणि पहारा कुणावर, हे कुणालाही समजावं. इंग्रजांच्या हकिकतीत असं आहे की आपल्याला किल्ल्यात जाऊ द्यावं म्हणून मराठ्यांनी पहाऱ्यावरच्या कप्तानाला ८०,००० रुपये देऊ केले आणि त्यानं ते नाकारले. सांगणारा इंग्रज आहे हे धरूनही ही गोष्ट मला बोलकी वाटते. आपणच मदतीला बोलावलेल्या दोस्ताच्या पहारेकऱ्याला लाच देऊन आपल्याच किल्ल्यात शिरायचा प्रयत्न.

१३ तारखेला पुन्हा मारा झाला आणि किल्ला शरण आला. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसेक. किल्ल्यात दोनशेच्या वर तोफा, सहा पितळी उखळी तोफा, आणि रोख व मालमत्ता मिळून सुमारे १० लाख रुपये सापडले. ते ठरल्याप्रमाणे वाटून घेतले. ठरल्याप्रमाणे म्हणजे मुंबईच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे.

वॉटसनबरोबरच्या शल्यवैद्यानं एक प्रसंग लिहून ठेवलाय. वॉटसन तुळाजींच्या कुटुंबाला भेटायला गेला. तुळाजींची आई म्हणाली, रयतेला राजा नाही, मला मुलगा नाही, सुनेला नवरा नाही, पोरांना बाप नाही. मीच तुमचा पालक, असं वॉटसन म्हणाला. तेव्हा सहाएक वर्षांच्या मुलानं त्याचा हात धरून रडत म्हटलं, मग तुम्हीच माझे वडील. लिहिणारा म्हणतो की अ‍ॅडमिरलच्या डोळ्यांत पाणी आलं. येवो बापडं. तुळाजी स्वतः पेशव्यांच्या कैदेत गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

किल्ला कुणाचा?

पेशवा त्या हंगामात कर्नाटकात, सावनूरच्या मोहिमेत होता. पुण्याहून पत्रांमागून पत्रं गेली. किल्ला द्या, सामान द्या, तोफा द्या. मुंबईकर टोलवत राहिले. बाणकोट परत घ्या आणि विजयदुर्ग आम्हालाच ठेवा, अशीही सूचना त्यांनी करून पाहिली. यावरून बंदराची किंमत कुणाला कळली होती हे दिसतं. बोलणी लांबत गेली ती १२ ऑक्टोबर १७५६ पर्यंत. त्या दिवशी पुण्यात नवा तह झाला. विजयदुर्ग परत द्यायचं ठरलं. बदल्यात बाणकोटाभोवतीची दहा गावं इंग्रजांकडे गेली आणि डचांना मराठी मुलखात व्यापार करू द्यायचा नाही असंही पेशव्यांनी कबूल केलं. पूर्वीच्या तहात आधीच आपला ठरलेला किल्ला, त्यासाठी दुसऱ्यांदा किंमत मोजली.

त्याच आठवड्यात, १६ ऑक्टोबरला, वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासहून बंगालकडे निघाले. ‘केंट’, ‘टायगर’, ‘सॉल्सबरी’, बरीचशी जहाजं तीच. कलकत्ता २ जानेवारी १७५७ ला परत घेतलं, मार्चमध्ये हुगळी नदीत शिरून चंद्रनगर फोडलं, जूनमध्ये प्लासी झाली. विजयदुर्गामुळे प्लासी झाली असं म्हणणं ताणाताणी होईल. पण किल्ल्याच्या अंगाला मोठं जहाज भिडवायचं आणि फौज जहाजातून उतरवायची, ही वॉटसन-क्लाइव्ह जोडीची तालीम कोकणात झाली, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता मूळ आरोपाकडे. तुळाजींचा बंदोबस्त करण्यात पेशवा चुकला असं मला वाटत नाही. हुकूम न मानणारा सरदार कुठल्याच दरबारानं फार काळ चालवून घेतला नसता. इंग्रजांची मदत घेणंही त्या काळच्या चालीला धरूनच होतं. शत्रूचा शत्रू सगळेच वापरत. चूक आहे ती आरमाराचा सगळा हुकूम दुसऱ्याच्या हाती देण्यात. मानाजींची गलबतं आणि वसईची जहाजं इंग्रजांच्या जोडीनं, पण स्वतःच्या सरदाराखाली खाडीच्या तोंडाशी उभी असती, तर १२ तारखेच्या दुपारी रामाजींच्या ‘थांबा’ या शब्दाला वजन आलं असतं. कदाचित वॉटसन तरीही थांबला नसता. पण तुळाजींची निम्मी गलबतं तरी वाटणीत हाती आली असती, तहाच्या कलमाप्रमाणे.

‘आरमार बुडालं म्हणून मराठे समुद्रावर संपले’ हा दुसरा समजही तपासून घ्यायला हवा. विजयदुर्गावर पेशव्यांनी पुन्हा आरमार उभं केलं आणि धुळप घराण्यानं ते चालवलं. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीच्या समुद्रात मुंबई आरमाराचं ‘रेंजर’ धरलं. चहूबाजूंनी वेढायचं, पांगळं करायचं, वर चढायचं, ही आंग्र्यांचीच रीत. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह होऊन गेलेला असल्यामुळे ते जहाज परत करावं लागलं. धुळपांच्या गुराबा चांगल्या होत्या, माणसं त्याहून चांगली. पण ‘केंट’च्या तोलाचं जहाज, ते बांधायची गोदी आणि वर्षानुवर्षं पोसायचा पैसा या तिन्हींची तजवीज पुण्याच्या हिशेबात शेवटपर्यंत झाली नाही. घोडदळासाठी कर्ज काढणारा दरबार आरमारावर कोकणच्या महसुलाइतकाच खर्च करत राहिला. विजयदुर्ग इंग्रजांकडे पुन्हा गेला तो १८१८ मध्ये, पेशवाईच संपल्यावर.